पट्ट्या दोन होत्या

मी पट्टी बोलतेय. जखमेवर गुंडाळतात ती नव्हे हो, ती बापडी सुताची, मऊ. मी स्टीलची. दीड वीत लांब, तीन बोटं रुंद, आणि वाकवाल तशी वाकणारी. पोटाचं ऑपरेशन चालू असताना आतडी मध्ये मध्ये येऊ नयेत म्हणून मला आत घालतात आणि त्यांना बाजूला दाबून धरतात. कागदावर माझं नाव रिबन रिट्रॅक्टर. पण इंदूरच्या ज्या हॉस्पिटलात मी अकरा वर्षं काढली, तिथे मोठ्या सर्जनपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे मला पट्टीच म्हणतात.

आत्ता मी कुठून बोलतेय ते ऐकाल तर दचकाल. इंदूरजवळच्या हातोदच्या मंडीत तोलकाटा सांभाळणारा एक माणूस आहे, हरी नावाचा. मी त्याच्या पोटात आहे. गेल्या तीन शनिवारांपासून आहे.

हरी आत्ता ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर स्ट्रेचरवर पडलाय. थोड्या वेळात त्याला आत नेतील आणि मला बाहेर काढतील. तुम्ही म्हणाल, सुटलीस बाई. कसली सुटतेय! मी बाहेर आले की पहिला प्रश्न निघणार, हिला आत कुणी ठेवलं? त्याचं उत्तर एका कागदावर आधीच लिहून ठेवलंय, आणि ते धादांत खोटं आहे. खरं काय ते ठाऊक असलेली माणसं चार. त्यातली तिघं बोलणार नाहीत असं मला वाटतं. आणि चौथीचंच नाव त्या कागदावर आहे, तिचं कोण ऐकणार? म्हणून वेळ आहे तोवर सांगून टाकते.

माझा जन्म इंदूरच्याच परदेशीपुऱ्यातला. मिल बंद पडल्यावर तिथे जी छोटी छोटी वर्कशॉपं निघाली, त्यातल्या एकात. शंकरराव म्हणून कारागीर होते. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत तलवारींना धार लावायचे म्हणे. शंकरराव हसत हसत सांगायचे, "त्यांनी जन्मभर धार लावली, मी जन्मभर धार मारतोय." कारण माझ्यासारखीला धार असून चालत नाही. आतड्याला नुसता ओरखडा गेला तरी माणूस जीवानिशी जातो. शंकररावांनी माझी कड न् कड घासली, मग स्वतःच्या गालावरून फिरवून बघितली. दाढीचा एक केस कापला गेला नाही तेव्हा कुठे मला बाजूला ठेवलं. त्याच पत्र्यातून त्यांनी आणखी एक कापली. ती माझी जुळी. आम्ही दोघी एकाच डब्यातून हॉस्पिटलात आलो.

आता तिथली रीत ऐका. सर्जरी शिकायला येणारे डॉक्टर तीन वर्षं असतात. सकाळी फळ्यावर नावं लागतात. सर्जन कोण, असिस्टंट कोण, आणि सगळ्यात खाली, पट्टी कोण. सुरी ज्याच्या हातात तो शिकतो. पट्टी ज्याच्या हातात तो तासन् तास मान वाकडी करून उभा राहतो, मनगट भरून येतं, आणि दिसतं काय? दुसऱ्याच्या हाताची मागची बाजू. पहिल्या वर्षी हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्यात वावगं काही नाही. सहा-आठ महिन्यांत पट्टी सुटते आणि सुरी हातात येते.

पण काहींची सुटतच नाही. हे माझ्या ध्यानात यायला मला वर्षं लागली, मी ठरले जड डोक्याची.

विभागाचे मुख्य डॉक्टर यशवर्धन. हात असा की बघत राहावं, ते मी नाकारणार नाही. घराणं जुनं, संस्थानात कारभारी होतं. नवा डॉक्टर आला की सर विचारायचे, "कुठले आपण?" पुणे, नागपूर, उज्जैन, इंदूरचंच रामबाग, असं उत्तर आलं की दोन-चार ओळखी निघायच्या, चहा व्हायचा, आणि वर्षाच्या आत त्या मुलाच्या हातात सुरी यायची. झाबुआ, अलीराजपूर, लडाख, नागालँड असं उत्तर आलं की सर "अच्छा" म्हणायचे. बस, तेवढंच. त्या "अच्छा" नंतर माणूस माझ्याकडे यायचा तो माझ्याकडेच राहायचा.

निर्जंतुक करायला आम्हाला ज्या कॉरिडॉरमधून नेतात, तिथे एक मोठा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, "देशाच्या कानाकोपऱ्यातले सर्जन, एक परिवार." हे लडाख-झाबुआवाले त्यात पुढच्या रांगेत उभे केलेत. फोटोत पुढे आणि टेबलाशी मागे, असा तो परिवार.

त्या फोटोत डॉक्टर तेमसू अजून आहे. नागालँडचा. दोन वर्षं त्याने मला धरलं, आणि काय धरायचा! चार चार तास, केसभर हलायचा नाही. सर त्याला मोमो म्हणायचे. "मोमो, जरा खेच." एकदा त्याने नम्रपणे सांगितलं, "सर, माय नेम इज तेमसू." त्यावर सर म्हणाले, "अरे, प्यार से बोलते हैं." सगळे हसले. तेमसूही हसला, पण त्याची बोटं माझ्यावर गार पडली होती. एका सोमवारी फळ्यावर त्याचं नाव नव्हतं. कोर्स सोडला, की सोडायला लावला, कुणी विचारलंसुद्धा नाही. सर आले, हातमोजे चढवले आणि नेहमीचंच म्हणाले, "पट्टी कोण?"

त्या दिवशी "मी" म्हणाली ती थावरी.

डॉक्टर थावरी निनामा. अलीराजपूर जिल्ह्यातल्या जोबटजवळच्या पाड्यावरची भिल्लाची पोर. त्यांच्या बोलीत शनिवार म्हणजे थावर; शनिवारी जन्मली म्हणून थावरी. गावात पहिली डॉक्टर, आणि होणार तर पहिली सर्जन. हात लहान, पण काय सांगू तुम्हाला, त्या हातांना आतडं कळायचं. मी किती जणांच्या हातात गेले! कुणी मला ढकलतं, कुणी माझ्यावर रेलतं. ती मला अशी धरायची की खालचं आतडं श्वास घेतंय की नाही हे तिला माझ्यातून समजायचं. अशा हातांत सुरी द्यायला हवी हे मला लोखंडाला कळतं, तर बाकीच्यांना का कळू नये?

परीक्षेला बसायचं तर स्वतःच्या हाताने केलेली ऑपरेशनं वहीत लिहावी लागतात आणि खाली सरांची सही लागते. थावरीची वही कोरी. तिने विचारलं की सर म्हणायचे, "देखेंगे." दोन वर्षं सर देखेंगेच म्हणत राहिले.

आणि तोंडाने जे चालायचं ते वेगळंच. आमच्या थिएटरात मराठी चालते. सर मराठी, असिस्टंट अर्पित मराठी, नर्सबाई सुहासिनीताई मराठी. भूल देणारे आणि थावरी, एवढेच काय ते हिंदीतले. मग काय, उघडं पोट समोर असताना तिच्यादेखत तिच्याबद्दल मराठीत गप्पा. "कोट्यातला माल आलाय." "यांचे हात तीरकमठ्याचे, टाके कसले घालतायत." अर्पित खी खी हसायचा. सुहासिनीताई बहुतेक गप्प असायच्या, कधी कधी "जाऊ द्या ना सर" म्हणायच्या. पण तिला कळतंय की काय, अशी शंका कुणालाही आली नाही.

मला आली होती. दर वेळी ते काही बोलले की तिची मूठ माझ्यावर आवळायची. हिंदीत कुणी ओरडलं तर नाही आवळायची, मराठीतल्या टोमण्याला आवळायची. पोरगी सगळं समजून घेत होती आणि दाताखाली दाबत होती. मी कुणाला सांगणार?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती लक्षात ठेवा. मी वाकते ना, तर ज्याचा त्याचा बाक वेगळा. तेमसू मला धनुष्यासारखी गोल वळवायचा. थावरी मधोमध हलकासा खोलगटपणा द्यायची, ओंजळीसारखा. आणि अर्पित माझं शेपूट अंगठा टेकवायला म्हणून वर दुमडायचा, पापडाची कड दुमडते तसं. पहिल्या वर्षापासूनची सवय, कितीदा सांगितलं तरी जात नाही. ऑपरेशन झालं की सुहासिनीताई आम्हाला धुवायच्या आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून सरळ करायच्या. तेव्हा बाक बघून नाव सांगायच्या. "ही आमची थावरी." "हे अर्पितबाबूंचं शेपूट." ते वाचणं साऱ्या हॉस्पिटलात त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही.

आता तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार.

हरीच्या आतड्याला पीळ पडला होता. त्याची बायको जनाबाई त्याला सकाळी घेऊन आली. फळ्यावर सर्जन यशवर्धन सर, असिस्टंट अर्पित, पट्टी थावरी. पण त्या दिवशी सरांचा मूड बरा होता. म्हणाले, "चलो, आज पेट तुम बंद करोगी. तुम्हारी कॉपी में लिख देंगे." थावरीच्या बोटांतून मला झिणझिण्या आल्या. दोन वर्षांत तिच्या वहीत पहिली ओळ पडणार होती.

माझी जुळी महिनाभर बायकांच्या विभागात उसनी गेली होती, ती त्याच सकाळी परत आली. म्हणजे महिनाभर ट्रेमध्ये पट्टी एकच होती, त्या दिवशी दोन झाल्या. पीळ सोडवताना थावरीने एका हातात मला धरलं आणि दुसऱ्या हातात जुळीला. दोन्ही हात गुंतलेले, कपाळावर घाम, पण हलली नाही. पीळ सुटला. आतडं गुलाबी झालं. हरी वाचला, तेवढ्यापुरता वाचला.

मग पोट शिवायची वेळ आली. थावरीने सुईसाठी हात पुढे केला, आणि सरांचं मन फिरलं. का ते त्यांनाच ठाऊक. म्हणाले, "रहने दो, देर हो जाएगी. अर्पित, तू घे. और तुम, बाहर जाके रिश्तेदारों को बताओ."

थावरीने जुळीला ट्रेमध्ये ठेवलं. मी तिच्या हातात होते. अर्पितने मला तिच्या हातातून काढून घेतलं. हे शब्द मी पुन्हा सांगते, काढून घेतलं. शेपूट दुमडलं, आणि सुई आतड्याला लागू नये म्हणून मला कातडीखाली आडवी सरकवली. रीतच आहे ती. शेवटचे चार टाके उरले की पट्टी ओढून काढायची असते.

अर्पित सरांशी बोलत होता. कुठल्याशा डॉक्टरच्या नव्या गाडीचं चाललं होतं. चार टाके उरले, तीन उरले. मी वाट बघतेय. दोन उरले. अहो, ओढा मला! मला तोंड असतं तर बोंब मारली असती. शेवटचा टाका पडला आणि उजेड गेला. अकरा वर्षांत मी कधी इतकी घाबरले नव्हते.

बाहेरचे आवाज येत होते. सुहासिनीताई मोजत होत्या. गॉज बरोबर, चिमटे बरोबर, "पट्टी एक, बरोबर." महिनाभराची सवय जिभेवर बसलेली, त्यांचा तरी काय दोष म्हणू? दार उघडल्याचा आवाज आला. थावरी परत आली होती.

"सर, पट्टी दो थीं," ती म्हणाली.

"एक थी," अर्पित म्हणाला.

"दो थीं. मेरे दोनों हाथ में थीं."

सर सुहासिनीताईंना मराठीत म्हणाले, "बघा, हिला आता गिनती शिकवायची. कोट्याने डिग्री मिळते, अक्कल नाही मिळत." अर्पित हसला. सुहासिनीताई म्हणाल्या, "एकच आहे सर, महिनाभर एकच आहे." पण त्यांचा आवाज पडला होता. त्यांना आठवलं असावं.

आणि मग थावरी मराठीत बोलली.

"सर, मला मोजता येतं. मराठी पण येते. माझी आई महाराष्ट्रातल्या धडगावची आहे. दोन वर्षं मी सगळं ऐकतेय, त्याचं मी काही म्हणत नाही. पट्टी आत राहिलीय. एक्स-रे काढा."

मला काही दिसत नव्हतं, पण सर काय करत असतील ते मी ओळखलं. ते आठवत होते. दोन वर्षांत काय काय बोललो, एकेक आठवत होते. तीच गोष्ट तिने तिसऱ्यांदा हिंदीत सांगितली असती, तर कदाचित त्यांनी वैतागून का होईना एक्स-रे काढला असता. माणूस कामात चोख. पण आता एक्स-रे काढणं म्हणजे तिच्या तोंडाकडे बघणं होतं. ते त्यांच्याच्याने झालं नाही.

"गेट आउट," सर म्हणाले.

त्या दिवसापासून थावरीला थिएटर बंद झालं. पत्र निघालं, बेशिस्त वर्तन. तिला वॉर्डात टाकलं, आणि हरी वॉर्डातच होता. रोज सकाळी ती यायची आणि हरीच्या पोटावर हात ठेवायची. तो हात मी हजारांत ओळखला असता. मी इथे आहे गं, इथे, डाव्या बाजूला, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं. तिने दोनदा एक्स-रेचा फॉर्म भरला. दोन्हीदा सरांनी तो फाडला.

सर आणि अर्पित राउंडला यायचे. आता त्यांनी थावरीसमोर मराठी बोलणं सोडलं होतं, आणि ती जवळ नसली की हरीला कळू नये म्हणून त्याच्या खाटेशी इंग्रजीत बोलायचे. मला काय, अकरा वर्षं थिएटरात काढलीत, इंग्रजीही समजते. अर्पित चाचरत विचारत होता, "सर, खरंच राहिली असेल तर?" सर म्हणाले, "नोट लिहून झालीय. पट्टी शेवटपर्यंत निनामाच्या हातात होती. मोजणीला होकार निनामाने दिला. राहिली असेल तर तिची राहिली."

ऐकलंत? त्यांनाही वाटत होतं की मी आत आहे. आणि तरी हरी तसाच घरी गेला.

अर्पितने ते थावरीला सांगूनही टाकलं. दया म्हणून की धमकी म्हणून, देव जाणे. "फाइल में तेरा नाम है. पट्टी मिली तो तू गई. चुप बैठ, इम्तहान दे और निकल." पण हरीला सुट्टी मिळाली त्या दिवशी तिने जनाबाईला बाजूला घेतलं. हरी कॉटवर बसला होता, म्हणून मीही ऐकलं. बोलली ती हिंदीत, मी मराठीत सांगतेय.

"पोट दुखलं, उलटी झाली, ताप आला, तर एक दिवस थांबायचं नाही. इथं नको. दुसरीकडे जाऊन एक्स-रे काढायचा." आणि सुट्टीच्या कार्डावर तिने स्वतःच्या हाताने तेच लिहून खाली सही केली.

जनाबाई शाळेत गेली नाही, पण बाई हुशार. तिने विचारलं, "बई, थारो कई वेगा?" तुझं काय होईल?

"माझं मी बघीन," थावरी म्हणाली. गप्प बसली असती तर कदाचित परीक्षेला बसली असती, हे तिला माहीत होतं. मला त्या वेळी तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

हरी हातोदला आला, आठव्या दिवशी काट्यावर जाऊन बसला. वाकला की अर्पितचं ते दुमडलेलं शेपूट त्याला टोचायचं. "पेट में कई अड़े है," म्हणायचा, पोटात काहीतरी अडतंय. मी अंग चोरायची, पण चोरून चोरून किती चोरणार? आतडं माझ्यावर घासायला लागलं. शंकररावांनी माझी धार मारली नसती तर हरी पहिल्याच आठवड्यात संपला असता. परवा त्याला ताप चढला. काल उलट्या सुरू झाल्या, तेव्हा जनाबाईने ते कार्ड पदराला बांधलं आणि त्याला जवळच्या बेटमा गावी एक्स-रे काढायला नेलं.

"साँस रोको," यंत्रावरचा माणूस म्हणाला. मग तो बाहेर आला. म्हणाला, "भिया, ये क्या है? किसने डाल दिया ये?"

बेटम्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, जिथे ऑपरेशन झालं तिथेच न्या म्हणाले. म्हणून आज शनिवारी मी परत त्याच दाराशी आलेय. सरांनी हट्टाने ही केस स्वतःकडे घेतली. पण हरी सही करेना. ताप अंगात, डोळे खोल गेलेले, तरी म्हणाला, "वा डाक्टरणी बई मांय रेगा, तो ज दसखत करूंगा." ती बाई आत असेल तरच.

मला वाटलं सर नाही म्हणतील. ते म्हणाले, "येऊ दे की. पट्टी धरू दे." ते हो म्हणाले तेव्हा मला जास्त भीती वाटली.

स्ट्रेचर हललं. चला, नेतायत.

आत सगळं तेच. तीच माणसं, तेच मशीन. हातमोजे चढल्याचा आवाज आला आणि मग ते वाक्य आलं.

"पट्टी कोण?"

"मी," थावरी म्हणाली.

पोट उघडलं. तीन आठवड्यांनी माझ्यावर उजेड पडला. माझी जुळी थावरीच्या हातात होती. सरांनी चिमट्याने मला धरून वर काढलं, भूल देणाऱ्यांना दिसेल असं हवेत धरलं, आणि मोठ्यांदा हिंदीत विचारलं, "सिस्टर, उस दिन काउंट किसने कन्फर्म किया था?"

सुहासिनीताईंना निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या शेपटाकडे बघत होत्या. दुमड तशीच होती, पापडाच्या कडेसारखी.

"निनामा मॅडम ने," त्या म्हणाल्या.

अर्पितने खाली बघितलं. थावरीने माझी जुळी होती तशीच धरून ठेवली. सोडून कसं चालेल, खाली हरीचं आतडं होतं ना. दीड तास ती तशीच उभी राहिली. एका जागी आतडं फाटायला आलं होतं, ते तिलाच आधी दिसलं. तिने सांगितलं आणि सरांनी मुकाट्याने टाका घातला. हरी वाचेल. ते तरी झालं.

शेवटी मोजणी झाली. या वेळी सगळे मोजत होते, भूल देणारेसुद्धा.

"पट्ट्या?" सुहासिनीताईंनी विचारलं.

"दोन," थावरी मराठीत म्हणाली. आज तिला कुणीच "नाही" म्हणालं नाही.

नंतर सर म्हणाले, "सिस्टर, ती पट्टी धुऊन पिशवीत घाला. सील करा. सोमवारी चौकशी समिती बसतेय, अकरा वाजता." आणि निघून गेले.

सुहासिनीताईंनी मला नळाखाली धरलं. खोलीत आम्ही दोघीच. अकरा वर्षांची सवय, धुतलं की सरळ करायचं. त्यांचे दोन्ही अंगठे माझ्या दुमडीवर आले. दाबलं की संपलं. मग मी कुणाचीही पट्टी, आणि कागद म्हणेल ते खरं. मला पळता येत नाही, ओरडता येत नाही. मी नुसती त्यांच्या अंगठ्यांखाली पडून राहिले.

अंगठे थांबले. ताई रडायला लागल्या. "माफ कर गं," असं त्या मला म्हणाल्या. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला वाकडीच ठेवली आणि पिशवीत घातली. वर चिठ्ठी लावली, तारीख, पेशंटचं नाव, आणि खाली जबाबदार म्हणून डॉक्टर थावरी निनामा.

आता मी कपाटात आहे. कपाटाची किल्ली सरांकडे आहे. आज शनिवार, उद्याचा अख्खा रविवार मध्ये आहे, आणि माझी दुमड सरळ करायला दोन अंगठे पुरतात. सरांना अजून ते सुचलेलं नाही. सुचू नये म्हणून मी देवाला विनवतेय, लोखंडाचं देव ऐकत असेल तर.

सुहासिनीताई, तुम्ही माझी माफी का मागता? माझं काय जातंय? मला उद्या दुसऱ्या ट्रेमध्ये टाकतील, नाहीतर भंगारात. माफी जिची मागायची ती खाली वॉर्डात हरीच्या खाटेशी बसलीय. तिची वही अजून कोरी आहे. तुम्ही मला वाकडी ठेवलीत, म्हणजे तुमच्या मनात काहीतरी आहे. बाक वाचणं फक्त तुम्हाला येतं, ताई. बेटम्याच्या एक्स-रेवरही तोच बाक उमटलाय, पण तो सांगणार कोण?

सोमवारी अकराला जा. मला पिशवीतून काढायला लावा, त्या शेपटावर बोट ठेवा आणि नाव सांगा. दर वेळी नळाखाली सांगत होतात, तसंच.